रांजणाची भिंतीकडची बाजू

आई गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, पाहुणे आपापल्या लाँचने नदीवरून परत गेले, आणि घर रिकामं करायला मी मागे राहिले. आरेलिसही राहिली. ती आईची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला आईने हातांवर धरलं होतं. आता ती त्रेपन्न वर्षांची आहे, बारांकिया शहरात शिवणकाम करते, आणि रोज सकाळी पर्समधून एक पांढरी गोळी काढून गिळते. ती गोळी जस्ताची. ती घेतली नाही तर दोन आठवड्यांत तिच्या तोंडाभोवती कातडी सोलायला लागते. बाकी तिची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला रांजण तेवढा हलवायचा राहिला होता. लाल मातीचा, माझ्या कमरेएवढा उंच. पन्नास वर्षांत तो कोपऱ्यातून हलला नव्हता. आई त्यात कोळसा ठेवायची आणि त्याच्याभोवतीनेच झाडायची. त्याची फुटकी बाजू भिंतीकडे होती. ती मीच फोडली होती, वयाच्या दहाव्या वर्षी. भात कांडायचं मुसळ हातातून निसटलं आणि रांजणाच्या पोटावर बसलं.

त्या मुसळामुळे आरेलिस जगली. हे तिलाही ठाऊक आहे, मीच तिला कितीदा सांगितलंय. ती हकिकत मला पाठ आहे, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

आमचं गाव कान्यो व्हिएहो, माग्दालेना नदीच्या एका फाट्यावरचं. सेनोव्हिया, म्हणजे आरेलिसची आई, आमची शेजारीण. दोन घरांमध्ये काटेरी कुंपण, आणि त्यात दोघींनी जाऊन येऊन पाडलेलं एक भगदाड. बाप्तिस्मा झाल्यापासून त्या एकमेकींना नावाने हाक मारत नसत, ‘कोमाद्रे’ म्हणत. मुलीची आई आणि धर्ममाता एकमेकींना हेच म्हणतात आणि मग आयुष्यभर भांडणसुद्धा ‘अहो-जाहो’ करूनच करतात.

सेनोव्हियाने आधी दोन मुलं पुरली होती. दोन्ही अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत. दूध सुटलं की महिन्याभरात तोंडाभोवती, बोटांच्या टोकांना, ढुंगणाला लालभडक चट्टे उठायचे. मग जुलाब, मग केस गळायचे. उजेड सोसत नसे. कोपऱ्यात तोंड खुपसून रडत राहायची. दुसरी मुलगी गेली तेव्हा तिच्या डोक्यावर एक केस नव्हता. आरेलिसचं दूध सुटलं आणि तेच सुरू झालं, तेव्हा सेनोव्हियाने डॉक्टर शोधला नाही. तिने पांढरं कापड आणून ठेवलं.

मग ऑक्टोबरात तिला पुढचं बाळ झालं, आणि तिच्या बाळंतपणात आईने आरेलिसला आमच्याकडे आणलं. तेव्हा ती दोन वर्षांची होती, दिसायची दहा महिन्यांची. तीन आठवड्यांत तिची कातडी बुजली. डिसेंबरात डोक्यावर लव आली. ती आमच्या कोंबड्यांमागे धावू लागली. सेनोव्हियाने तिला घरी नेलं. बारा दिवसांत पुन्हा चट्टे. आईने परत आणलं, पुन्हा बरी.

नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना एवढं पुरे होतं.

“निन्या दियोसेलिनाचा हातच गुणाचा,” त्या आईबद्दल म्हणत. आमच्याकडे मोठ्या बाईला आदराने ‘निन्या’ म्हणतात. आणि सेनोव्हिया टोपली घेऊन आली की आवाज बारीक व्हायचा. “हिची नजर हिच्याच पोटच्यांना लागते गं. तीन राजांच्या सणाला आठ दिवस दियोसेलिनाकडे राहायला गेली, तर तिथेही पोरीचं तोंड फुटलं की नाही?”

ते खरं होतं. जानेवारीत सणासाठी सेनोव्हिया बाळाला घेऊन आमच्याकडे राहिली होती, आणि त्याच आठवड्यात आरेलिस आमच्या घरात असूनही आजारी पडली. सेनोव्हिया परत गेली आणि काही दिवसांत ती बरी झाली. गावाला याहून मोठा पुरावा नको होता. सेनोव्हियालाही नको होता. त्यानंतर ती भगदाडातून आत येईना. कुंपणापलीकडे उभी राहून लेकीला बघायची, तेसुद्धा चेहरा अर्धा वळवून, म्हणजे सरळ नजर पडू नये.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला माझे बाबा नदीत गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मार्चमध्ये डॉक्टर चापारो आले. शिक्षण संपल्यावर वर्षभर खेड्यात राहायचं असतं, त्यासाठी सरकारने त्यांना डोंगरातल्या थंड मुलखातून उचलून आमच्यात टाकलं होतं. पायांत लोकरी मोजे, आणि जिभेवर इतकी अदब की पोरासोरांनासुद्धा ‘आपण’ म्हणायचे. गावाने पहिल्या आठवड्यातच ठरवलं की हा माणूस बकरीच्या अंगावर पाय पडला तर तिची माफी मागेल. पण ते चौकस होते. आरेलिसची गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तागडी आणि वही घेऊन आमच्या दारात.

“बाई, हाताचा गुण म्हणजे नक्की काय?” त्यांनी आईला विचारलं.

“हात म्हणजे हात, डॉक्टर. मी उकडलेला युकाचा कंद तिच्या अंगी लागतो.”

“आणि यांच्या हातची?” त्यांनी कुंपणाकडे मान वळवली. पलीकडे सेनोव्हिया उभी होती.

“माझ्या हातची लागत नाही,” सेनोव्हियाच म्हणाली. “विचारा कुणालाही.”

“मी कुणालाही विचारत नाही, मी आपणा दोघींना विचारतोय. आपण तिला काय काय देता?”

मग वहीत दोन रकाने झाले. युका, कच्ची केळी, भात, नदीतला मासा, विरजलेली साय, गुळाचं लिंबूपाणी. दोन्हीकडे तेच. मासा एकाच होडीतला, लिंबं आमच्याच झाडाची, पाणी एकाच नदीचं. डॉक्टर पेन्सिल चावत राहिले.

“मग असं करू,” ते म्हणाले. “मुलगी राहील आपल्या आईकडे. स्वयंपाक करतील निन्या दियोसेलिना. हात कुंपणापलीकडे पाठवू या.”

आईने युका सोलायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी रोज दोन वेळा झाकलेला वाडगा घेऊन भगदाडातून जायचे. आरेलिस आईच्याच हातचं खात होती. फक्त लिंबूपाणी सेनोव्हिया करायची, कारण पाणी कुंपणापलीकडे वाहून नेणं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अकराव्या दिवशी आरेलिसच्या ओठांच्या कडा लाल झाल्या. बाराव्या दिवशी आई स्वतः भगदाडातून गेली आणि कुणाला न विचारता तिला कडेवर घेऊन आली. तिचा स्कर्ट काट्यात फाटला. डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता लिंबूपाण्याचं सांगायला हवं.

आमच्याकडे ते रांजणात ठेवायची रीत. मातीत गार राहतं. रांजण मी सप्टेंबरात फोडला, तेव्हापासून आई ते बादलीत ठेवायला लागली. जस्त चढवलेली पत्र्याची बादली, आतून चकचकीत, काचेवर धुकं गोठल्यासारखी फुलं असलेली. पण ही गोष्ट बाहेर सांगायची नव्हती. आदल्या वर्षी शाळेच्या जेवणात कुणीतरी नव्या कोऱ्या बादल्यांत लिंबूपाणी रात्रभर ठेवलं होतं, आणि सकाळी चाळीस पोरं अंगणात ओळीने ओकली. त्यानंतर आरोग्याच्या बाई लाँचने आल्या, सगळ्या बायकांना गोळा केलं आणि बजावलं की जस्ताच्या बादलीत आंबट काही दिसलं तर त्या घराची सरकारी दुधाची पावडर बंद. म्हणून आईने बादली निजायच्या खोलीत, पलंगाखाली, पार भिंतीला लावून, पुढे ट्रंक सरकवून ठेवली. कुणी आलं की स्वयंपाकघरात रांजण दिसायचा, चांगली बाजू पुढे करून.

मला ते पाणी आवडत नसे. जिभेला पैसा चाटल्यासारखं लागायचं, आणि रिकाम्या पोटी प्यायलं तर मळमळायचं. आईही घोटभरच घ्यायची. पण आरेलिसला त्याचं वेड होतं. आपला मग घेऊन ती पलंगाशी बसायची आणि “अजून, अजून” करायची. दिवसाला तीन-चार मग. आई ट्रंक सरकवायची, द्यायची, पुन्हा ट्रंक लावायची. आम्हाला वाटायचं, गोडाला सोकावली.

जूनमध्ये सेनोव्हियाच्या नवऱ्याचा निरोप आला. देशाच्या सीमेपलीकडे, माराकाइबोजवळ एका गुरांच्या मळ्यावर त्याला कायमचं काम मिळालं होतं, राहायला खोली मिळाली होती. ‘गुरुवारच्या लाँचने ये,’ त्याने कळवलं होतं. आरेलिसला न्यावं तर ती दोन महिन्यांत जाणार. ठेवावं तर पुन्हा दिसेलच असं नाही. सेनोव्हिया सोमवारी भगदाडाशी आली आणि तिने काट्यांवरून एक गाठोडं आईच्या हातात दिलं.

“कोमाद्रे, हे हिचे कपडे.”

“आहेत हो इथे.”

“हे पण ठेवा.” मग थोडं थांबून, “वर्षभराने लहान होतील.”

“शिवीन मी.”

“मोठे शिवा. उंच होईल ती. आमच्यात सगळे उंच आहेत.”

एवढंच. बाळ तिच्या अंगावर पीत होतं. त्याचं काय होणार ते अजून कळायचं होतं.

बुधवारी सकाळी मी शाळेत निघाले तर डॉक्टर वाटेत भेटले. “आईंना सांगा, दुपारी बाराला येतो. सेनोव्हियाबाई जायच्या आधी एकदा वजन घेऊन ठेवतो.” मी घरी पळत जाऊन आईला सांगितलं. ती “बरं” म्हणाली. बाराला मी शाळेतून परत आले तेव्हा ती घरात नव्हती. धुणं घेऊन नदीवर गेली होती.

डॉक्टर घामाने निथळत आले. तागडी आढ्याला अडकवली, आरेलिसला झोळीत बसवलं, वजन लिहिलं. मग खुर्चीवर बसून वहीने वारा घेत राहिले. आरेलिसने त्यांच्याकडे बघितलं. घामेजलेल्या पाहुण्याला काय द्यायचं ते तिला चांगलं कळत होतं. ती आत गेली आणि तिचा मग दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत घेऊन आली.

“घ्या,” ती म्हणाली.

“आपला आभारी आहे, सेन्योरिता.” त्यांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी मगात बघितलं. पुन्हा एक छोटा घोट घेतला आणि तो गिळायच्या आधी तोंडात फिरवला.

“हे कुठलं?”

आरेलिसने पलंगाकडे बोट दाखवलं.

मी दारात उभी होते. मला वाटलं, गेली आता दुधाची पावडर. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, लोकरी मोज्यांसकट पलंगाखाली शिरले आणि बादली ओढून खिडकीशी घेऊन आले. पाणी त्यांनी अंगणात ओतलं. मग बादली उजेडाकडे तिरकी धरून बघत बसले. इतका वेळ की आरेलिस त्यांच्या मांडीला टेकली.

“लेदिस, इकडे या,” ते मला म्हणाले. “काय दिसतं आपल्याला?”

काठापासून चार बोटं खाली एक रेघ होती. रेघेच्या वर जस्ताची फुलं होती, चकचकीत. रेघेच्या खाली एकही नव्हतं. करडा, आंधळा पत्रा, आणि तळाशी गंजाचे ठिपके.

“खालची फुलं कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

मला रडू कोसळलं. “मी मुद्दाम नाही केलं, मुसळ निसटलं,” मी म्हणाले, आणि रांजणाचं, ट्रंकेचं, आरोग्याच्या बाईंचं सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते, पण त्यांचं बोट त्या रेघेवरून फिरत होतं.

“फुलं लिंबाने खाल्ली,” ते स्वतःशीच म्हणाले. “आणि लिंबूपाणी हिने प्यायलं.”

तेवढ्यात आई ओलं धुणं डोक्यावर घेऊन आली. बादली बघितली, मला बघितलं, धुणं खाली ठेवलं.

“पाय धुवायची आहे ती,” ती म्हणाली.

“निन्या दियोसेलिना,” डॉक्टर उभे राहिले. “ही बादली दुसऱ्या कुठल्याही पोराला द्यायची नाही, ते ओकेल. आपण दोघींनीही यातलं पिऊ नका. पण या मुलीला, मला वाटतं, या पत्र्यातलं काहीतरी हवंय. तिच्या आतड्याला ते अन्नातून उचलता येत नाही. सगळ्यांना चिमूटभर पुरतं, हिला मूठभर लागतं. मला वाटतं, म्हणतोय. ठाऊक नाही. बादली असेल, नाहीतर आपला हात असेल.”

“मग?”

“मग बादली जाईल कुंपणापलीकडे आणि हात राहील इथे. सेनोव्हियाबाईंना लाँच सोडायला सांगा. दोन आठवडे.”

आईने धुणं उचललं. “मी नाही सांगणार,” ती म्हणाली. मग ती पुढे म्हणाली, “लेदिस सांगेल. माझा आवाज बसलाय.”

ते दोन आठवडे आम्ही मोजून काढले. आई अंगणातल्या ओंडक्यावर बसून कुंपणाकडे पाठ करून तांदूळ निवडायची. मला मात्र दर तासाला पाठवायची. “ओठ बघून ये.” अकरावा दिवस गेला. बारावा गेला. पंधराव्या दिवशी सेनोव्हिया सहा महिन्यांत पहिल्यांदा भगदाडातून आत आली. आरेलिस कडेवर होती, गाल तुकतुकीत. सेनोव्हियाने तिच्या गालाला तळवा लावला आणि ओरडलीच, “कोमाद्रे! माझाही हात लागतो हिला!”

“लागणारच की हो,” आई म्हणाली. “आई आहात.”

पुढच्या लाँचने ती गेली. एका कडेवर बाळ, डोक्यावर गाठोडं, हातात बादली, आणि बादलीत पाय घालून उभं राहायचा हट्ट करणारी आरेलिस. डॉक्टरांनी सगळं लिहून आपल्या शहरातल्या गुरूंना पाठवलं. उत्तर आलं की दूरच्या देशांतही नुकतंच हेच कळलंय, तिथे बादलीऐवजी जस्ताचा पांढरा क्षार मोजून देतात. त्या क्षाराच्या बाटल्या त्यांनी माराकाइबोला पाठवल्या. बाळाला तो आजार नव्हता. आईने नवा रांजण आणला आणि जुन्यात कोळसा भरला.

अशी ती हकिकत. पन्नास वर्षं मी ती अशीच सांगितली, शाळेच्या ग्रंथालयात मुलांना. परवा कोळसा उपसला, मी आणि आरेलिसने मिळून जुना रांजण कोपऱ्यातून ओढला आणि भिंतीकडची बाजू उजेडात आली.

रांजण सांधलेला होता.

भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून मासेमारीच्या तारेने टाके घातले होते. उडालेली ढलपी परत बसवली होती. वरून होडीला लावतात ते डांबर. मी बोटाने टाके चाचपले. प्रत्येक टाक्याची गाठ उलटी होती. माझे बाबा डावखुरे होते. त्यांच्या जाळ्याच्या गाठी गावात कुणालाही ओळखू येत, कारण त्या सगळ्यांच्या उलट बसत.

“काय झालं?” आरेलिसने विचारलं.

“काही नाही. बाबांनी सांधला होता.”

“मग कोळसा कशाला भरला?”

मी जमिनीवर बसले. बाबा दोन फेब्रुवारीला गेले. म्हणजे रांजण त्याच्या आधी सांधला गेला. सांधल्यावर कुणीही करेल तेच आईने केलं असणार. बादली बाजूला, लिंबूपाणी परत रांजणात. मी ते पाणी टाळायचेच, म्हणून मला कळलं नसणार. आणि मग आरेलिस आमच्या घरात, आईच्या हातचं खात असताना आजारी पडली. जानेवारीत. सेनोव्हिया सणाला आली होती म्हणून नव्हे.

मग बादली परत आली. रांजणाची ती बाजू भिंतीकडे गेली. आरेलिस बरी झाली.

अजून एक शक्यता होती. टाके गळत असतील. सांधूनही रांजण निकामी राहिला असेल, आणि आईला काहीच कळलं नसेल. मला ती शक्यता फार हवीशी वाटली, आणि म्हणूनच तपासून बघायला हवं होतं.

“पाणी आण,” मी आरेलिसला म्हणाले.

“कशाला?”

“भरून बघू.”

“लेदिस, बाई गं, तुझी आई जाऊन पंधरा दिवस झाले आणि तू भांडी तपासतेस?”

पण तिने आणलं. आम्ही तो धुतला, सकाळी आठला काठोकाठ भरला, आतल्या कडेला कोळशाने खूण केली, खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं. मातीचा रांजण पाझरतोच. सगळ्या अंगाने त्याला घाम येतो, त्यानेच पाणी गार होतं. म्हणून नुसता ओलावा बघून भागणार नव्हतं. मी दर तासाला टाक्यांवर कोरडं बोट फिरवत होते आणि विरुद्ध बाजूलाही. चार वाजता पाणी दोन बोटं उतरलं होतं. कागद सगळीकडून सारखा दमट होता. टाक्यांखाली थेंबाचा माग नव्हता. उलट डांबर होतं तिथे रांजण कोरडा होता.

आरेलिस दाराशी स्टुलावर बसून आईचे कपडे निवडत होती. ती शिकलेली नाही, पण कापड उलटं करून शिवण बघणं हा तिचा धंदा आहे.

“गळत नाही ना?” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि तू सकाळपासून माझ्याकडे बघत नाहीयेस. बोल.”

मी सांगितलं. जानेवारीचं, बाबांच्या गाठींचं. मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला कुंपणापलीकडे ठेवलं ते बारा दिवस.

आरेलिसच्या हातातला ब्लाउज तसाच राहिला. “म्हणजे माद्रिनाला माहीत होतं.” धर्ममातेला ती माद्रिनाच म्हणत आली.

“निदान संशय होता.”

“आणि माझं तोंड फुटेपर्यंत ती वाडगे पाठवत बसली.”

“हो.”

“माझी आई सहा महिने मान वाकडी करून मला बघत होती, लेदिस. मरेपर्यंत तिला सवय राहिली होती. माझ्या लग्नात, फोटोत बघ, तिचं तोंड बाजूला आहे.”

मी तो फोटो बघितला आहे. मला वाटायचं, कुणीतरी हाक मारली असेल.

आईची बाजू घ्यावी असं मला वाटत होतं आणि घ्यायला काही हाताशी नव्हतं. नवरा नदीत गेलेला, घरात एक मूल हसतंय, ते धरून ठेवावंसं वाटलं, हे खरं असेल, पण त्याने सेनोव्हियाची मान सरळ होत नाही. मग मी, फक्त नीट आठवावं म्हणून, त्या बुधवारचा दिवस पहिल्यापासून आठवू लागले. शाळेची वाट. डॉक्टर बाराला येतो म्हणाले. मी पळत घरी. आई “बरं” म्हणाली.

“आरेलिस,” मी म्हणाले, “तू तीन वर्षांची होतीस.”

“मग?”

“पलंगाखाली पार भिंतीला लावलेली बादली, पुढे लोखंडी ट्रंक. मला ती ट्रंक तसूभर हलत नसे. तू मग भरून कशी आणलीस?”

तिने मान वळवून आईच्या खोलीकडे बघितलं.

“डॉक्टर पलंगाखाली शिरले तेव्हा त्यांनी ट्रंक सरकवली नाही,” मी म्हणाले. “ट्रंक तिथे नव्हतीच. ती बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली होती. वजन लिहिताना त्यांनी वही तिच्यावरच ठेवली होती. आणि आई धुणं नेहमी सोमवारी धुवायची.”

“ट्रंक कुणी हलवली?”

“घरात तिघीच होतो.”

आरेलिसने ब्लाउजची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. “तोंडाने सांगता आलं नसतं का तिला?” ती म्हणाली. आवाजात राग होता. तो जावा असं मला वाटलं नाही. “चार महिने! एक शब्द!”

“नाही आलं.”

“ट्रंक सरकवता आली.”

“हो.”

“बाई होती की खेचर,” आरेलिस म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते आईच्याच ब्लाउजला पुसलं.

रांजणाचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता. मला तो कुणाला द्यायचा नव्हता. आरेलिस म्हणाली, सामान नेणारी लाँच उद्या येते, माझ्या दुकानात चिंध्या ठेवायला होईल, पण टाक्यांची बाजू मी पुढे ठेवणार, गिऱ्हाइकांना दिसू दे, शिवण असावी तर अशी. मी हो म्हणाले. मग तिला आठवलं की कामाच्या गडबडीत तिने सकाळची गोळी घेतलीच नव्हती. पर्समधून गोळी काढली, आईचा मग रांजणात बुडवला, गोळी जिभेवर ठेवली आणि वर घटाघटा पाणी प्यायली.

“गार आहे,” ती म्हणाली. मग तोंड किंचित वाकडं करून, “पण फिकं. बादलीतलं बरं होतं.”